बरे वाटलेले दिवसही डॉक्टरांना सांगा

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात एकाच सकाळी दोन माणसं आली आहेत असं समजा. दोघांची तक्रार एकच. महिनाभर कशात मन लागत नाही, पहाटे तीनला जाग आली की परत डोळा लागत नाही, घास घशाखाली उतरत नाही, आंघोळ करायचाही कंटाळा येतो, आणि आपण घरच्यांवर ओझं झालो आहोत हा विचार पाठ सोडत नाही. दोघांनी प्रश्नावली भरली तर गुणही जवळपास सारखे पडतील. तरी एकाला ज्या गोळीने उतार पडेल, तीच गोळी एकटी दुसऱ्याला दिली तर काही आठवड्यांत तो रात्ररात्र जागायला लागेल, घरावर कर्ज काढायला निघेल, अशी भीती असते. कारण पहिल्याला नैराश्य आहे आणि दुसऱ्याला बायपोलर, म्हणजे मनाला कधी खोल खाली तर कधी फार वर नेणारा आजार.

आज समोर दिसणाऱ्या लक्षणांवरून हा फरक ओळखणं तज्ज्ञांनाही कठीण जातं. तो दडलेला असतो मागच्या काही वर्षांत, आणि बहुतेकदा अशा आठवड्यांत, जे घरातल्या कुणाला आजार वाटलेच नव्हते. उलट ‘तेव्हा किती छान होता’ अशीच त्यांची आठवण असते. त्या आठवड्यांबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हवं, हे मला या लेखात सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे. बाकीचं त्याच्या ओघात येईल.

आधी नैराश्य. वाईट काही घडलं की वाईट वाटतं, आणि दिवस जातील तसं ते ओसरतं. त्याला आजार म्हणत नाहीत. उदास मन किंवा कशातच रस न वाटणं यांपैकी एक तरी गोष्ट, आणि तिच्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा अस्वस्थता, अपराधी वाटणं, मरणाचे विचार यांतली आणखी काही, अशी एकूण पाच तरी लक्षणं सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ असतील आणि त्यापायी काम किंवा घर अडत असेल, तर तो आजार. आपल्याकडे तो ‘उदास वाटतं’ असं म्हणत फार कमी वेळा येतो. डोकं जड होतं, पाठ भरून येते, छातीत धडधडतं, अन्न अंगी लागत नाही, असं सांगत माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडे जातो. रक्त तपासून होतं, ईसीजी होतो, सगळं नॉर्मल येतं. मग ‘टेन्शन घेऊ नका’ असा सल्ला मिळतो आणि तो घरी परततो. निमहान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं, की साधारण वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेलं असतं, आणि नैराश्य असलेल्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांना उपचार मिळतच नाहीत.

(थायरॉइड कमी असणं, ब जीवनसत्त्वाची किंवा रक्ताची कमतरता यांनीही असंच मरगळल्यासारखं होतं. त्यामुळे त्या तपासण्या आधी करून घेणं चांगलंच. पण त्या नॉर्मल आल्या म्हणजे माणूस नाटक करतोय, असा अर्थ काढू नये.)

बायपोलर, म्हणजे द्विध्रुवीय विकार, यात हे असं नैराश्य तर येतंच, शिवाय कधीतरी त्याच्या नेमकी उलट अवस्था येते. तिला उन्माद किंवा मॅनिया म्हणतात. तीन-साडेतीन तासांची झोप आणि तरी सकाळी थकवा नाही, ही तिची सगळ्यात भरवशाची खूण. निद्रानाश झालेला माणूस झोप लागत नाही म्हणून हैराण असतो. उन्मादातल्या माणसाला झोप नकोच असते. बोलणं इतकं भरभर की मध्ये कुणाला शिरता येत नाही. एक विषय पुरा होण्याआधी दुसरा. नवा धंदा, नवी जागा, निवडणुकीला उभं राहायचा बेत. पैसा पाण्यासारखा जातो. पूर्वी जमिनीचा तुकडा विकला जायचा, आता मोबाइलवरून एका रात्रीत पाच कर्जं निघतात किंवा शेअर बाजारात साठवलेलं सगळं लावलं जातं. काहींच्या बाबतीत आनंदापेक्षा चिडचिड जास्त असते, कुणी अडवलं की अंगावर धावून जाणं होतं. आजार आणखी चढला तर आपल्याला खास शक्ती मिळाली आहे, देव आपल्याशी बोलतो, अशी खात्री वाटू लागते. इथे बऱ्याच घरांत ‘बाहेरचं काहीतरी झालंय’ असा निष्कर्ष निघतो, देवऋषीकडे वाऱ्या सुरू होतात आणि मोलाचे दोन महिने हातचे जातात.

हे आठवडाभर टिकलं, किंवा त्याआधीच दवाखान्यात भरती करावं लागलं, तर त्याला मॅनिया म्हणतात. सौम्य प्रमाणात, निदान चार दिवस टिकणारं, पण काम बंद न पाडणारं असेल तर हायपोमॅनिया. आणि फसगत होते ती याच सौम्य प्रकारात. हायपोमॅनियातला माणूस ऑफिसात दुप्पट काम करतो, पाहुण्यांशी गप्पा रंगवतो, पहाटे उठून माळा आवरतो. घरच्यांना वाटतं, चला, मरगळ गेली एकदाची. मग हे कशाला कोण डॉक्टरांना सांगेल?

माझ्या धाकट्या भावाच्या पहिल्या तपासणीला मी आणि वहिनी बरोबर होतो. भाऊ मान खाली घालून बसलेला. डॉक्टरांनी झोप, भूक, कामाचं सगळं विचारून घेतलं आणि मग वहिनीकडे वळून म्हणाले, “याआधी कधी असं झालंय का, की हे तीन-चार तासच झोपताहेत आणि तरी दिवसभर अगदी ताजेतवाने?” वहिनी म्हणाली, “हो, गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी. पण तेव्हा तर ते छान होते, डॉक्टर. पूर्ण घराला एकट्याने रंग दिला. रात्री दोनला मला उठवून रंग दाखवायचे.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुढची वीस मिनिटं फक्त त्या दिवाळीबद्दलच विचारत राहिले. पैसे किती खर्च झाले, बोलणं वाढलं होतं का, कुणाशी भांडण झालं का, ते किती दिवस चाललं, त्यानंतर एकदम मन खाली गेलं का. त्या वीस मिनिटांनी औषधाची चिठ्ठी बदलली.

ते दिवस भावाने स्वतःहून सांगितले नसते. नैराश्यात असलेल्याला ते आठवतही नाहीत, आणि आठवले तरी तेवढेच आपल्या आयुष्यातले चांगले दिवस होते असं त्याला वाटतं. शिवाय बायपोलरचे रुग्ण उन्मादापेक्षा नैराश्यात कितीतरी जास्त काळ असतात. साहजिकच दवाखान्याची पायरी चढली जाते ती नैराश्यातच. म्हणूनच बऱ्याच जणांचं निदान कित्येक वर्षं नुसतं ‘नैराश्य’ असंच राहतं. तेव्हा पहिल्या भेटीला जाताना रोज सोबत राहणारं एक तरी माणूस बरोबर न्या. काही गोष्टी न विचारताही सांगा. कमी झोपेतही उत्साह उतू जाणारे दिवस कधी आले होते का. आई-वडील, काका, मामा, आत्या यांच्यात कुणाला असा त्रास होता का, कुणी आत्महत्या केली होती का, कुणी ‘वेडाच्या भरात’ घर सोडून गेलं होतं का. नैराश्याची गोळी पूर्वी कधी घेतली असेल तर तिने भलतंच चढल्यासारखं झालं होतं का. बाळंतपणानंतर काही बिनसलं होतं का. आणि पहिला त्रास कोणत्या वयात झाला. बायपोलर बहुतेकदा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, म्हणून कॉलेजातल्या मुलाला आलेलं पहिलंच जोरदार नैराश्य डॉक्टर जास्त काळजीने पाहतात.

घराण्याचा प्रश्न निघाला की घरात शांतता पसरते, ती का ते मला कळतं. बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरंच. सर्वसाधारणपणे शंभरात एखाद्याला हा आजार होतो, तर आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर हे प्रमाण शंभरात पाच ते दहापर्यंत जातं. म्हणजे अशा घरांतल्याही शंभरातल्या नव्वद ते पंच्याण्णव जणांना तो होत नाही. हे आकडे सोयरीक मोडायला वापरू नयेत. लपवालपवी करून लग्न लावायलाही वापरू नयेत. ‘लग्न झालं की सुधारेल’ या एका वाक्याने दोन घरांचं जेवढं नुकसान केलं आहे, तेवढं आजारानेही क्वचितच केलं असेल.

गोळ्यांबद्दल

नुसतं नैराश्य असेल तर नैराश्यरोधक गोळ्या आणि बोलण्याचे उपचार या दोन्हींचा उपयोग होतो. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनावरही भागतं. गोळ्यांचा त्रास आधी जाणवतो आणि फायदा नंतर. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, अस्वस्थपणा. मनाला उभारी यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. याच काळात निम्मी माणसं ‘ही गोळी मला सोसत नाही’ म्हणून ती सोडून देतील, अशी डॉक्टरांना धास्ती असते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर सुरुवातीचे काही आठवडे जास्त लक्ष ठेवावं, कारण काहींची तगमग आणि मरणाचे विचार या काळात वाढतात. या गोळ्यांची व्यसनासारखी चटक लागत नाही, पण एकदम बंद केल्या तर चक्कर, झिणझिण्या, चिडचिड होते. बरं वाटल्यानंतरही निदान सहा महिने त्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. झोपेच्या गोळ्यांचं मात्र वेगळं. त्यांची सवय लागते, म्हणून मेडिकलवाल्याकडून परस्पर त्या आणू नयेत.

बायपोलरमध्ये पाया असतो तो मनाचा चढ-उतार आवरणाऱ्या औषधांचा, म्हणजे मूड स्टॅबिलायझरचा. त्यांतलं सगळ्यात जुनं आणि आजही बिनीचं औषध म्हणजे लिथियम. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण या आजाराबरोबर जगण्यातली मोठी अडचण त्या गोष्टीत पहिल्याच रुग्णापासून दिसते. जॉन केड हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी तळावर जपान्यांच्या कैदेत राहून परतलेले. मेलबर्नजवळच्या एका मनोरुग्णालयात ते गिनीपिगवर प्रयोग करत होते आणि लिथियम टोचल्यावर ते चपळ प्राणी शांत पडून राहतात, असं त्यांना दिसलं. आधी स्वतः घेऊन पाहिलं, मग रुग्णांना दिलं, आणि १९४९ साली निष्कर्ष छापले. त्यांचा पहिला रुग्ण पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही आठवड्यांत तो निवळला, काही महिन्यांत घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं आणि सहा महिन्यांत पुन्हा रुग्णालयात आला. पुढे लिथियमची विषबाधा होऊन तो गेला, कारण रक्तात ते किती आहे हे मोजण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. ती आल्यावर, आणि डेन्मार्कच्या मॉन्स शाऊ यांनी चिकाटीने केलेल्या अभ्यासांनंतर, हे औषध जगभर रुळलं. अमेरिकेने त्याला १९७० मध्ये मान्यता दिली. आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत लिथियमइतका भक्कम पुरावा मनोविकारांच्या फार थोड्या औषधांमागे आहे. आणि ते स्वस्त आहे.

पण ते जपून घ्यावं लागतं. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात आणि शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन ते मोजतात. दीडच्या वर ते घातक ठरू लागतं. मूत्रपिंड आणि थायरॉइडही अधूनमधून तपासावी लागते. आपल्या जगण्यात हे प्रमाण कशाने वाढतं ते नीट लक्षात ठेवा. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियम चढतं. विदर्भातला मे महिना, जुलाब-उलट्या, निर्जळी एकादशी, रोजे, वारीतली पायपीट, बीपीसाठी एकदम मीठ तोडणं, हे सगळं त्यात आलं. सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी लिथियम वाढवते; रक्तदाबाच्या काही गोळ्याही वाढवतात. दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं. हात जास्त थरथरायला लागले, चालताना तोल जाऊ लागला, जीभ जड झाली, गुंगी आली, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा.

व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजीन, क्वेटियापीन अशी दुसरी औषधंही आहेत आणि कुणाला काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. व्हॅल्प्रोएटने पोटातल्या बाळाला गंभीर अपाय होऊ शकतो. लग्नाच्या वयाच्या मुलीला ते सुरू करताना याबद्दल स्पष्ट विचारा. आणि दिवस राहिले म्हणून सगळ्याच गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका, कारण बायपोलर असलेल्या बाईसाठी बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे फार जोखमीचे असतात.

झोपेचा हिशेब

आमच्याकडे काळनिर्णयवर दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख लिहितात, त्याच चौकोनात वहिनी भावाच्या झोपेचे तास लिहिते. सात, सात, साडेसहा, सात. एखाद्या आठवड्यात पाच, साडेचार, चार असे आकडे उतरत गेले की ती वाट पाहत बसत नाही, डॉक्टरांना फोन करते. उन्माद चढण्याआधी झोप कमी होते, आणि झोप मोडली की उन्माद चढतो. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे. म्हणून बायपोलर असलेल्याने रात्रपाळी टाळावी. नवरात्रातलं जागरण, गणपतीची रात्रभराची मिरवणूक, हळदीची रात्र यांत बाकीच्यांना फार तर एक दिवस सुस्ती येते, पण त्याला ते दोन महिने रुग्णालयात नेऊ शकतं. मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांपैकी कुणाला हा आजार असेल तर गोळ्यांच्या वेळा आणि प्रवासातली झोप आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवा. दारू आणि गांजा दोन्ही झोपेची वाट लावतात. उठण्याची, जेवणाची, बाहेर पडण्याची वेळ रोज एकच ठेवणं हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण औषधाच्या जोडीला त्याचा खरोखर उपयोग होतो, असं अभ्यासांत दिसलेलं आहे.

उन्माद चढल्यावर माणूस ऐकत नाही, कारण आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नसतं. म्हणून बोलणी करायची ती मन ठिकाणावर असताना. एटीएम कार्ड कुणाकडे द्यायचं, ठरावीक रकमेवरचा व्यवहार कुणाच्या सहीशिवाय होऊ नये, कुठल्या रुग्णालयात न्यायचं, तेव्हा त्याला चालणार नाही असं काय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान माणसाला, आपल्यावर उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे लेखी लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. माझ्या मते, या कायद्यातलं हे सगळ्यात माणुसकीचं कलम आहे. जबरदस्तीने गाडीत घालून नेण्याआधी त्याच्याच अक्षरातला कागद त्याला दाखवता येतो.

खाली गेलेल्या माणसाजवळ

‘जरा बाहेर पड, बरं वाटेल’ हे आपण सगळेच म्हणतो. त्यात तथ्य आहे, फक्त सांगण्याची रीत चुकते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘संगत’ या संस्थेने ती रीत शोधली. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटी दिल्या. भर होता एकाच गोष्टीवर. मन होईल तेव्हा करू, असं म्हणायचं नाही. छोटंसं काम ठरवायचं, ते करायचं, आणि नंतर मनाला काय वाटलं ते पाहायचं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार थोडे सुधारून मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. घरी हे करायचं तर काम खरंच छोटं हवं. ‘फिरायला जा’ असं न म्हणता ‘चल, कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन येऊ’ म्हणावं, आणि आपण चप्पल घालून उभं राहावं. नाही आला तर उद्या पुन्हा विचारावं. ‘तुला काय कमी आहे?’ हे मात्र कधीही म्हणू नये. त्याला तोच प्रश्न दिवसरात्र छळत असतो.

जगावंसं वाटत नाही, असं कुणी म्हणालं, किंवा तशी शंका आली, तर सरळ विचारा: “मरायचे विचार येतात का रे तुझ्या मनात?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकांना कुणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात फवारणीचं औषध असेल तर ते शेजारच्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवा. गोळ्यांचं पाकीट दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या. हे विचार अनेकदा लाटेसारखे येतात आणि काही तासांत ओसरतात, त्या तासांत साधन हाताशी नसलं की जीव वाचतो. पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच २०१७ चा कायदा धरून चालतो, आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

टेलिमानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६. ती २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, तिथे औषधं मिळतात. भरती करायची वेळ आली तर येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला सरकारी संस्था आहे. आरोग्य विमा असेल तर शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं लागेल, असं हाच कायदा विमा कंपन्यांना सांगतो. एजंट ‘यात बसत नाही’ म्हणाला तर लेखी मागा. जाताना जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांची पाकिटं (बीपी-शुगरच्यासुद्धा) आणि झोपेचा हिशेब लिहिलेला असेल तर त्या कॅलेंडरच्या पानांचे मोबाइलवर काढलेले फोटो बरोबर घ्या. सरकारी ओपीडीत वेळ कमी मिळतो, त्यामुळे आत गेल्यावर आधी ते उत्साहाचे दिवस सांगा.